जेवून आलो, मावशी

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काहीतरी प्रेरणादायी लिहा हो. प्रोफेशनल फुटबॉल टीममध्ये काम केलेली आपली मराठी बाई म्हणजे केवढी मोठी गोष्ट!" मी म्हटलं, लिहीन, पण प्रेरणा काही माझ्याकडे निघेल असं वाटत नाही. माझ्याकडे घोटे आहेत, गुडघे आहेत आणि एक मार्कस आहे. घोट्या-गुडघ्यांचं कुणालाही सांगता येतं. मार्कसचं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून तेच लिहायला बसले आहे. नाव बदललंय. टीमचं नाव सांगत नाही, आणि शहराचंही नाही, कारण इथे शहर सांगितलं की टीम आपोआप कळते. गाव थंडीचं होतं एवढं पुरे. आता निवृत्तीनंतर आम्ही चँडलरला राहतो, जिथे थंडी नावालाही नाही, आणि माझी बोटं अजून सकाळी आखडतात.

आधी धंदा समजावते, कारण इतकी वर्षं सांगूनही आपल्या लोकांना तो कळलेला नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाला फारसं काम नाही आणि चेंडूही गोल नाही. लांबट, दोन्हीकडून टोकदार चेंडू घेऊन एकाने पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर जाऊन त्याला पाडायचं, एवढं समजलं तरी भागतं. पाडायचं म्हणजे खरोखर पाडायचं. मी त्या पडलेल्यांच्या बाजूची बाई. हुद्दा ॲथलेटिक ट्रेनर. हे ऐकून मंडळातल्या बायका मला पोट कमी करायचे व्यायाम विचारायच्या. एक काका तर गणपतीत सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हणजे मालिश वगैरे का?" मी म्हटलं, "हो काका, आणा गुडघा इकडे." पुन्हा नाही विचारलं त्यांनी.

नागपूरला फिजिओथेरपी शिकले, लग्न करून इकडे आले, परत परीक्षा दिल्या, आधी कॉलेजच्या टीम आणि मग ही. चढण कशी चढले ते लिहीत नाही, त्यात कुणाला रस नसतो, मलाही नाही. काम मात्र सांगते. सकाळी पहिलं काम घोटे बांधायचं. रांगेत टेबलं, त्यावर रांगेत धिप्पाड पोरं, आणि आम्ही पांढरी टेप घेऊन त्यांच्या पायाशी. दर खेळाडूची टेपची तऱ्हा वेगळी. आमच्या किक मारणाऱ्याला कायम डावा पाय आधी बांधून लागायचा, आणि बांधताना कुणी शिंकलं तर सगळं सोडून पहिल्यापासून. मला हसू यायचं नाही. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर माणसं परत घरात जाऊन पाणी पिऊन निघतात, मी कुणाला हसू? एक होता पुढच्या फळीतला, दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागे. सुई पाहिली की तो घामाघूम. एकदा इंजेक्शन त्याच्या शेजारच्याला होतं आणि धाडकन पडला हा. त्याला उचलायला चार माणसं लागली, आणि शुद्धीवर आल्यावर माझा हात धरून म्हणाला, "कुणाला सांगू नकोस." सगळी खोली उभी होती भोवती!

मॅचच्या दिवशी आमचं काम बघणं. सगळं स्टेडियम चेंडू बघतं. आम्ही चेंडू पुढे गेल्यावर मागे कोण राहिलंय ते बघतो. कोण उठायला वेळ लावतंय, कोण उठून चुकीच्या दिशेला निघालंय. इतक्या मॅचेस मैदानाच्या कडेला उभी राहून पाहिल्या, पण कोण जिंकलं हे बरेचदा मला घरी आल्यावर अविनाश सांगायचा. अविनाश माझा नवरा. पुण्याचा, चिपच्या कारखान्यात इंजिनियर, आणि घरातला स्वयंपाक त्याचा. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई डबे भरभरून पोरांना खाऊ घालायची. छे! मी साधी फोडणी करपवते. मायाळू वगैरे तर मी अजिबात नाही, माझ्या बहिणीला विचारा.

मावशी हे नाव तिच्याच मुलीमुळे पडलं. ती इथे कॉलेजला होती. एकदा गाडीची किल्ली घ्यायला आली आणि ट्रेनिंग रूमच्या दारातून ओरडली, "मावशी!" झालं. दुसऱ्या दिवसापासून सगळी टीम मला "मॉशी" म्हणायला लागली. नवीन पोरांना ते माझं आडनाव वाटायचं. एका कोचने ईमेलमध्ये "डिअर मिस मॉशी" असं लिहिलं होतं.

ह्या धंद्यात एक शब्द आहे, ज्याच्यावर माझा जन्मभराचा राग आहे. गुड. कसं वाटतंय? गुड. मान? गुड. पाय सुजून भोपळा झालाय, तरी आय ॲम गुड. ही पोरं मुद्दाम खोटं बोलतात असं नाही. टीममध्ये जागा ठराविक. प्रत्येक जागेमागे ती मिळावी म्हणून टपलेला दुसरा कुणीतरी, तोही तितकाच तगडा, तितकाच तरुण. आज तुम्ही दुखतंय म्हणालात तर उद्या तो तुमच्या जागी उभा, आणि परवा तुम्ही घरी. म्हणून गुड.

आणि घरी कसं पाठवतात तेही सांगते. त्यासाठी एक माणूस नेमलेला असतो. आमच्याकडे डेव्ह होता. गरीब गाय, मऊ बोलणारा, फिकट स्वेटरमधला. खेळाडूला काढायचं ठरलं की डेव्ह येऊन खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "कोच बोलावतायत. आयपॅड घेऊन ये." टीमच्या सगळ्या चाली त्या आयपॅडमध्ये असतात, तो परत करायचा म्हणजे संपलं. ऑगस्टअखेर, जेव्हा एकदम पुष्कळ जणांना काढतात, तेव्हा डेव्ह नुसता कॉफी घ्यायला आला तरी लोक टेबल सोडून उठायचे. मी त्याला यमदूत म्हणायचे, मराठीत. त्याने एकदा अर्थ विचारला. मी म्हटलं, निरोप्या. त्याला आवडला शब्द.

तर ह्या "गुड"वर मला सापडलेला उपाय माझ्या हुशारीचा नव्हता, सवयीचा होता. आपल्याकडे माणूस दिसला की आपण विचारतो, जेवलास का? त्यात काळजी असते असंही नाही, तोंडातून निघतं. दुपारच्या वेळी घोटा दाबता दाबता माझ्याही तोंडातून निघून जायचं, "जेवलास का रे?" आणि मग जीभ चावून इंग्रजीत. एकदा आमच्या एका जुन्या खेळाडूला असंच विचारलं. डोकं कसं आहे, गुड. उजेडाचा त्रास, नाही. जेवलास का? तर म्हणाला, "नाही, सकाळपासून अन्नाचा वासच नको वाटतोय." डोक्याला मार बसला की मळमळतं, खाणं जात नाही. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी तपासलं, निघालं कन्कशन. म्हणजे मेंदूला हादरा. डोक्याबद्दल खोटं बोलायला सगळे तयार होते, पण जेवणाबद्दलही खोटं बोलायला हवं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मी प्रत्येकाला विचारू लागले. आमचे डॉक्टर भले माणूस. थट्टेने म्हणायचे, मॉशी, तुझं लंच काय सांगतंय?

मार्कस आला तो असाच एका उन्हाळ्याच्या सराव शिबिरात. लुइझियानाच्या लहानशा गावातला. मोठमोठ्या कॉलेजांच्या पोरांची निवड आधी होऊन जाते, त्यात ह्याचं नाव नव्हतं. उरलेल्यांना बोलावतात त्यातला. खांदे दाराएवढे, चेहरा मात्र नववीतल्या मुलाचा. लाइनबॅकर, म्हणजे पळणाऱ्याला आडवं जाऊन पाडणारा. आई गावातल्या शाळेच्या किचनमध्ये कामाला. पहिल्याच दिवशी टेबलवर बसला आणि मी विचारलं, जेवलास का? आधी मराठीत निघालं, मग इंग्रजीत सांगितलं. त्याने विचारलं, "ही कुठली भाषा?" सांगितलं. "आणि तुमच्याकडे हॅलोच्या ऐवजी हे म्हणतात?" म्हटलं, जवळजवळ. तो म्हणाला, "माझी आई पण हेच म्हणते. फक्त इंग्रजीत." त्या दिवसापासून पठ्ठ्या दिसेल त्याला "जेव्लास का!" म्हणत फिरायला लागला. कोचला, सफाईवाल्याला, डेव्हला. मलाही जेवलासच. बाईमाणसाला जेवलीस, मोठ्यांना जेवलात म्हणावं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. गोड वाटायचं, राहू दिलं.

ऑगस्टअखेर डेव्ह त्याच्या शेजारून पुढे निघून गेला. मार्कस टीममध्ये राहिला! त्याने आईला फोन लावला तो माझ्याच खोलीतून, बर्फाच्या मशीनमागे उभं राहून. तिचं रडणं मशीनच्या घरघरीतूनही ऐकू येत होतं. मग तिने "ती जेवण विचारणारी बाई" कुठे आहे म्हणून विचारलं आणि, तिकडच्या बायका सगळ्यांनाच बेबी म्हणतात तसं, मला म्हणाली, "तू विचारत राहा, बेबी. तो मला सगळं नाही सांगत."

सीझनच्या तिसऱ्या-चौथ्या मॅचमध्ये त्याला पहिला मार बसला. उठला, चालला, कडेच्या निळ्या तंबूत नेऊन तपासतात तिथे सगळी उत्तरं बरोबर दिली. दुसऱ्या दिवशी टेबलवर मान? गुड. डोकं? गुड, मावशी. जेवलास का? "नाही गं. कालपासून काही जातच नाहीये." बोलून गेला आणि माझ्याकडे बघत राहिला. आपण काय बोललो ते त्याला तेव्हा कळलं. मी डॉक्टरांकडे गेले. त्याला बाहेर बसवलं, आणि त्या काळात त्याची जागा दुसऱ्याने घेतली. मग त्याला मुख्य टीममधून काढून सरावाच्या टीममध्ये टाकलं. म्हणजे आठवडाभर सरावात मार खायचा आणि रविवारी घरच्या कपड्यांत कडेला उभं राहायचं.

तो माझ्यावर चिडला. ओरडला नाही, तसा पोरगा नव्हता. घोटा बांधून झाल्यावर खाली बघत म्हणाला, "तू मला जेवणाचं विचारलंस. डोक्याचं नाही विचारलंस."

मला वाईट वाटलं. कुणी थोबाडीत मारल्यासारखं वाटलं, खोटं का सांगू? माझं बरोबरच होतं, आजही तसंच करीन. पण त्याला त्या खोलीत एकच प्रश्न असा होता ज्याला तो मोकळेपणी उत्तर द्यायचा, आणि त्याच प्रश्नाने त्याची जागा गेली. त्यानंतर कितीतरी दिवस त्याने कॉरिडॉरमध्ये कुणालाच काही विचारलं नाही.

अविनाश म्हणाला, "त्याला फराळाला बोलाव. राग पोटातून जातो." आमची दिवाळी कायम मंगळवारी. फुटबॉलवाल्यांना सुटी मंगळवारी, म्हणून लक्ष्मीलाही मंगळवारीच यावं लागायचं. मार्कस आला. दारात काढून ठेवलेल्या चपलांमध्ये त्याचे बूट म्हणजे दोन होड्या दिसत होत्या. अविनाशच्या ऑफिसातला निखिलही होता, पुण्याहून नुकता आलेला, व्हिसावर, एकटा. अविनाशने त्याला विचारलं, "जेवलास का रे?" निखिल म्हणाला, "हो काका, जेवून आलो. काही नको, खरंच." मग अविनाशने आग्रह केला. निखिल नाही म्हणाला. पुन्हा केला. "बरं, अगदी थोडं," असं म्हणून निखिलने पुरीभाजीवर जो हात मारला, त्याला तोड नाही. शेवटी चकलीचा डबा मीच उचलून आत ठेवला.

मार्कस बघत होता. मला हळूच म्हणाला, "हा जेवून आला होता ना?"

"नव्हता रे," मी म्हटलं.

"मग खोटं का बोलला?"

अविनाशने त्याला समजावलं. हे खोटं नाही, ही रीत आहे. कुणी विचारलं जेवलास का, की लगेच नाही म्हणायचं नाही. अधाशी दिसतं. समोरच्याला आपल्यासाठी त्रास नको म्हणून म्हणायचं, जेवून आलो. समोरच्यालाही माहीत असतं. तो पुन्हा आग्रह करतो. दुसऱ्यांदा पण नको म्हणायचं. तिसऱ्यांदा हो.

मार्कस एवढा हसला की सोफा हलला. "म्हणजे मी इतके दिवस चुकीचं उत्तर देत होतो!" मग त्याने ते वाक्य पाठ करायचं ठरवलं. निखिलने शिकवलं, अविनाशने शिकवलं, शेवटी मी. त्याला "ळ" यायचा नाही, पण ह्यात ळ नव्हताच. जे-वू-न आ-लो. जायच्या वेळेपर्यंत त्याला अगदी स्वच्छ यायला लागलं, एखाद्या सदाशिव पेठेतल्या माणसासारखं. आम्ही टाळ्या वाजवल्या. राग गेला होता, मला बरं वाटलं.

डिसेंबरात एक जण जायबंदी झाला आणि मार्कसला रविवारच्या मॅचला वर घेतलं. बर्फ पडत होता. पहिल्याच चालीत त्याची आणि समोरच्या एकाची टक्कर झाली. दोघंही खाली. मार्कस आधी उठला. उठून त्याने हात वर केला, मी ठीक आहे असा. मला तो हात आवडला नाही. कुणी विचारलेलं नसताना उत्तर दिल्यासारखा होता. मी तंबूकडे खूण केली, डॉक्टरांनी नेलं, महिने उलटे म्हणायला लावले, शब्द लक्षात ठेवायला लावले, एका पायावर उभं केलं. सगळं बरोबर. बाहेरच्या डॉक्टरांनीही पाहिलं, जे टीमचे नसतात. त्यांनाही काही आढळलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेबलवर मान, डोकं, डोळे, सगळं गुड. मी विचारलं, "जेवलास का?"

तो हसला. "जेवून आलो, मावशी."

इतका सुंदर उच्चार! खोलीतली पोरं हसली, मीही हसले. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. तरी डॉक्टरांना म्हटलं, त्याला आज परत एकदा बघा. त्यांनी बघितलं. परत सगळं बरोबर. महिने उलटे म्हणणं तो घरी पाठ करत होता, हे नंतर कळलं. नंतर हेही कळलं, त्याच्याबरोबर राहणाऱ्या पोराकडून, की त्या अख्ख्या आठवड्यात मार्कसने जिंजर एल, म्हणजे आल्याचा सोडा, आणि बिस्किटं ह्यांशिवाय पोटात काही घातलं नव्हतं. अंधार करून पडून राहायचा. त्या पोराने विचारलं, तर म्हणायचा, मी जेवून आलो. मराठीतच. त्या बिचाऱ्याला वाटलं, ही काहीतरी प्रार्थना आहे.

पुढच्या रविवारी तो पुन्हा मैदानात होता. तशी टक्कर मोठी नव्हती. टीव्हीवर ती दोनदा दाखवलीसुद्धा नाही. मार्कस उठला आणि समोरच्या टीमच्या बाजूला जाऊन त्यांच्या बाकावर बसला. त्यांच्यातल्या एकाने त्याचा हात धरून त्याला मैदान पार करून आमच्याकडे आणून सोडलं, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून देतात तसं. तो माझ्याजवळ आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅम, ही कुठली गेम आहे?" मावशी नाही. मॅम.

मी त्याचं हेल्मेट काढून माझ्या हातात ठेवलं. आमच्याकडे ही एक पद्धत आहे, खेळाडूला बाहेर बसवायचं तर ट्रेनरने त्याचं हेल्मेट काढून स्वतःजवळ ठेवायचं, नाहीतर तो परत पळतो. मार्कसने परत मागितलंच नाही. मी ते शेवटपर्यंत कवटाळून उभी होते. हात गारठले होते तरी खाली ठेवलं नाही.

हे वाचून तुम्ही विचाराल, तुला कळायला नको होतं का? सांगते. जेवढं कळण्यासारखं होतं तेवढं कळलं आणि जिथे सांगायचं तिथे सांगितलं. मी रात्र रात्र रडत बसणारी बाई नाही. मला फक्त ती दिवाळी राहून राहून आठवते. आमच्या घरात, चकल्या खाताना, आम्ही तिघांनी हौसेने बसून त्याला ते वाक्य शिकवलं. निखिलच्या तोंडी ते भूक झाकायचं वाक्य होतं. आपण ते लहानपणापासून म्हणत आलो, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही, कारण आपल्याला पुढचं माहीत असतं, समोरचा आग्रह करणार. मार्कसला आम्ही पहिलं अर्धं शिकवलं. विचारणाऱ्याने ते खरं धरायचं नसतं हे अर्धं माझ्या वाटणीचं होतं, आणि मीच शाबासकी देऊन मोकळी झाले.

वसंत ऋतूत डेव्ह आला. मार्कस माझ्या खोलीत होता, डोळे एका रेषेवर फिरवायचा व्यायाम करत. डेव्हने खांद्यावर हात ठेवला. "कोच बोलावतायत. आयपॅड घेऊन ये."

मार्कस उठला आणि आयपॅड शोधायला लागला. लॉकरमध्ये नाही. बॅगेत नाही. जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन आला. डेव्ह बिचारा त्याच्यामागे सगळ्या इमारतीभर फिरला, टॉवेलांचे ढीग उपसले. यमदूत आणि ज्याला न्यायचं तो, दोघंही मिळून वॉरंट शोधतायत असा प्रकार. शेवटी तो मिळाला माझ्याच टेबलवर, मार्कस आल्या आल्या त्याने जिथे ठेवला होता तिथे, त्याच्या कोपरापासून हातभर लांब. मार्कस म्हणाला, "अरे, हा इथेच होता." डेव्हच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तोंड फिरवून बर्फाच्या पिशव्या भरायला लागले, कुणी मागितल्या नव्हत्या तरी. काही वर्षांनी डेव्हलाही काढलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवायलाही कुणी आलं नाही, ईमेल आला.

मार्कस त्याच्या आईकडे परत गेला. कारकीर्द म्हणाल तर एवढीच, एका ओंजळीत मावेल एवढी. तिकडे त्याने शाळेच्या पोरांना शिकवायची नोकरी धरली होती, पण पोरांची नावं लक्षात राहीनात. मग गोदामात काम धरलं, दिव्यांचा त्रास व्हायला लागला. डॉक्टर आहेत, औषधं आहेत. काही दिवस चांगले जातात. त्याचं अजून तिशीचंही वय नाही.

मी निवृत्त झाल्यापासून तो रविवारी दुपारी फोन करतो, मॅचेस सुरू असतात तेव्हा. मॅच तोही लावत नाही, मीही नाही. गेल्या रविवारचा फोन सांगते आणि थांबते.

आम्ही नुकतेच जेवून उठलो होतो. अविनाश भांडी घासत होता. फोन उचलल्याबरोबर तिकडून, "मावशी, जेवलास का?"

"हो रे, जेवले. तू कसा आहेस?"

"गुड." मग त्याने कुत्र्याचं सांगितलं, आईच्या पाठदुखीचं सांगितलं. मी तिला दोन व्यायाम सांगितले, तो ते लिहून घेतो म्हणून पेन आणायला गेला आणि बराच वेळ आला नाही. आल्यावर म्हणाला, "मावशी, जेवलास का?"

"जेवले रे," मी म्हटलं. पहिल्यांदाच विचारल्यासारखं. हे मी शिकले आहे, ते अवघड नाही. "तू जेवलास का?"

"जेवून आलो."

तो घरातच होता, कुठूनही आलेला नव्हता. मागून त्याच्या आईचा आवाज आला. "नाही जेवलाय तो, बेबी. सकाळचं ताट तसंच पुढ्यात आहे. आपण जेवलो असंच त्याला वाटतं."

  मला अविनाशने सांगितलेली रीत आठवली. आग्रह करायचा माझा भाग त्या वेळी राहिला होता.

"मार्कस," मी म्हटलं, "मी खोटं बोलले रे. मी जेवलेच नाहीये. एकटीला जात नाही. तू बसतोस का माझ्याबरोबर?"

"खरंच?"

"खरंच. भूक लागलीये मला. तू नाही बसलास तर मी पण नाही जेवणार."

"नको, मावशी. मी जेवून आलो."

"बस की रे."

"नको."

"थोडंसं. माझ्यासाठी."

तिसऱ्यांदा हो म्हणायचं असतं, हे त्याला आठवलं की नुसतं माझं मन राखलं, कोण जाणे. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. अविनाशने ओला हात पुसून काही न विचारता मला परत ताट वाढलं, भात, वरण, वर तूप. फोन मध्ये ठेवून मी जेवायला बसले. पोट भरलेलं होतं, घास उतरत नव्हता, तरी मी खाल्ला. तिकडे काटा ताटावर वाजत होता.  बराच वेळ आम्ही असेच जेवलो.

मग काटा थांबला.

"मावशी," तो म्हणाला, "जेवलास का?"

"जेवतेय रे," मी म्हटलं. "तू पण जेव."